जाणें आणि राहणें

पंढरपुराहून टेंभुर्णीच्या वाटेनें उत्तरेस निघालें म्हणजे वीस-बावीस किलोमीटरांवर करकंब हें मोठें गांव लागतें. गांव जुन्या बाजारपेठेचें. उजनीचें धरण होऊन भीमेचें पाणी कालव्यांतून वाहूं लागल्यापासून या तालुक्यांत ऊस वाढला, करकंबच्या शिवारांतही साखर कारखान्याचें धुराडें उभें राहिलें, आणि ज्या घरांत पूर्वीं एखादा मुलगा मॅट्रिकपर्यंत पोंचला तरी पेढे वांटीत, त्या घरांतून आज डॉक्टर, इंजिनियर, वकील बाहेर पडूं लागले आहेत. बाहेर पडूं लागले आहेत हेंच म्हणणें बरोबर; कारण पदवी हातीं आली कीं हीं मुलें पुणें गांठतात, मुंबई गांठतात, त्यांतलीं कांहीं समुद्रापलीकडे जातात, आणि दिवाळीला किंवा आषाढीला चार दिवस घरीं येतात. त्या चार दिवसांत चुलते, मामा, शेजारीपाजारी त्यांना एकच प्रश्न विचारतात : पगार किती? दुसरा प्रश्न विचारलाच तर तो लग्नाचा असतो.

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत; त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. ज्या बापानें कर्ज काढून मुलाला शिकविलें त्याला पगाराची चौकशी करण्याचा अधिकार आहेच. परंतु तरुण माणसाच्या व्यवसायाविषयीं आणखीही कांहीं विचारण्यासारखें असतें. हा व्यवसाय त्यानें कां पत्करिला, दिवसाचें काम संपल्यावर त्याचें मन कशांत रमतें, आणि जेथें तो गेला तेथें तो कां राहिला? यांतील शेवटचा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाहीं. गेला कां, याचें उत्तर ज्याच्या त्याच्या तोंडीं तयार असतें. राहिला कां, याचें उत्तर पुष्कळदां त्या तरुणालाही शोधावें लागतें.

सोलापूर जिल्ह्यांत या प्रश्नाचें जें सर्वांत ठळक उदाहरण झालें तें करकंबचें नव्हे, जिल्ह्याच्या मुख्य शहराचें आहे. डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस हें नांव ज्यांनीं ऐकलें नाहीं अशीं सुशिक्षित घरें महाराष्ट्रांत थोडीं. युद्धाच्या काळांत चीनला गेलेले, तेथेंच निवर्तलेले, ज्यांच्या आयुष्यावर बोलपट निघाला ते डॉक्टर, एवढें बहुतेकांना ठाऊक असतें. पण बोलपटांतील कोटणीस आणि सोलापूरचे कोटणीस यांच्यांत थोडें अंतर आहे, आणि तें अंतर करकंबच्या तरुण डॉक्टराच्या उपयोगाचें आहे.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. तें सोलापूर कापसाच्या गिरण्यांचें, भोंग्याबरोबर जागें होणारें शहर होतें. घर मध्यम स्थितीचें, भावंडांनीं भरलेलें. १९३० सालच्या मे महिन्यांत याच शहरावर सरकारनें मार्शल लॉ पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. द्वारकानाथ त्या वेळीं वीस वर्षांचे होते. वीस वर्षांच्या सोलापूरकराच्या मनाला ही घटना न शिवतां गेली असेल, हें संभवत नाहीं.

वैद्यकाचें शिक्षण मुंबईस, परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत झालें. के. ई. एम. इस्पितळाला जोडलेलें हें कॉलेज १९२६ सालीं सुरू झालें तें एका विशेष अटीवर : तेथें शिकविणारे अध्यापक हिंदीच असावेत, असा देणगीदारांचा आग्रह होता. परक्या सरकारच्या राज्यांत, हिंदी माणूस शल्यविद्या केवळ शिकूं शकतो असें नव्हे तर शिकवूंही शकतो, हें ज्या ठिकाणीं रोज डोळ्यांना दिसे तेथें कोटणीस घडले. पुढील हकीकत ऐकतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पदवी घेतल्यावर शस्त्रक्रियेंत विशेष प्रावीण्य मिळवावें, असा त्यांचा मनोदय होता, असें त्यांच्या धाकट्या भगिनी मनोरमाबाई यांनीं पुढें सांगितलें आहे. म्हणजे इतर हुशार तरुणांप्रमाणेंच त्यांनींही आपली पुढची पायरी ठरविली होती. चीन त्या बेतांत कोठेंही नव्हता.

१९३७ सालीं जपाननें चीनवर मोठी चाल केली. आठव्या मार्ग सेनेचे सेनापति चू तेह यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. १९३८ सालीं सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनीं ३० जून रोजीं देशाला आवाहन केलें, बावीस हजार रुपयांचा निधि जमला, आणि पांच डॉक्टरांचें पथक ठरलें. प्रमुख अलाहाबादचे डॉक्टर अटल, हे स्पेनच्या यादवी युद्धांत शुश्रूषेचें काम करून आलेले. नागपूरचे डॉक्टर चोळकर वयानें सर्वांत वडील. कलकत्त्याचे बसू आणि मुकर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. मुदत एक वर्षाची होती.

कोटणीसांनीं घरीं परवानगी मागितली. वडिलांनीं उत्तेजन दिलें. आईला मात्र फार दुःख झालें. मुलगा इतक्या लांब जाणार, आणि तें लांब म्हणजे कोठें याची तिला कल्पनाही नव्हती. रेशीम विकावयास दारीं येणारे चिनी फेरीवाले, एवढीच त्या घराची चीनशीं ओळख होती.

मग ते गेले कां? मृत्यूनंतर लिहिलेलें चरित्र माणसाचे हेतु फार सरळ करून टाकतें. १९४४ सालीं ख्वाजा अहमद अब्बास यांनीं कोटणीसांवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं त्याच्या आधारें 'डॉ. कोटनिस की अमर कहानी' हा बोलपट काढून नायकाची भूमिका स्वतः केली. बोलपटांतला नायक बोटीवर पाऊल ठेवतो तेव्हांच प्रेक्षकाला त्याचा शेवट ठाऊक असतो, आणि म्हणून तें पाऊलही हौतात्म्याचें भासतें. प्रत्यक्षांत, १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या धक्क्यावरून निघालेला सत्तावीस वर्षांचा तरुण एक वर्षासाठीं चालला होता. त्याच्या मनांत देशप्रेम होतें, जपानी आक्रमणाचा संताप होता, जगाचें एक अंग पाहण्याची उत्कंठा होती, आणि शस्त्रवैद्याला रणांगणावर जो अनुभव एका वर्षांत मिळतो तो मुंबईंत दहा वर्षांत मिळत नाहीं, हा व्यावहारिक विचारही असावा. असे मिश्र हेतु असण्यांत कमीपणा नाहीं. करकंबहून अमेरिकेस निघालेल्या एखाद्या इंजिनियराच्या मनांतही घरचें कर्ज, बरोबरीच्यांशीं चढाओढ, विद्येची खरी ओढ आणि नवें जग पाहण्याची हौस हीं सारीं एकत्रच नांदत असतात. जाण्याच्या क्षणीं हेतूंची पारख करीत बसणें फारसें उपयोगाचें नाहीं.

पथक कॅन्टनला उतरलें, हँकौला गेलें, आणि जपानी सैन्य पुढें सरकत गेलें तसें देशाच्या आंत आंत हटत चुंगकिंगला पोंचलें. तेथेंच, येनानकडे निघण्यापूर्वीं, कोटणीसांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. ज्या वडिलांनीं जाण्यास उत्तेजन दिलें होतें ते गेले. मागें घर होतें, भावंडें होतीं, आई होती. सोबत्यांनीं परत जाण्याचा सल्ला दिला. या वेळीं परतते तर कोणीही, सोलापुरांत किंवा चीनमध्यें, त्यांना दोष दिला नसता. उलट आपल्या समाजांत पुत्राचें कर्तव्य म्हणून त्याची वाखाणणीच झाली असती. ते परतले नाहींत. १९३९ च्या फेब्रुवारींत पथक येनानला दाखल झालें.

येथून पुढें सोबती एकामागून एक कमी होत गेले. चोळकर व मुकर्जी परतले, मग अटल परतले. त्यांनीं आपली मुदत चोख पार पाडली होती. त्यांच्याकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं. बसू येनानला राहिले व १९४३ सालीं स्वदेशीं आले. कोटणीस मात्र येनानहूनही पुढें, उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीकडे गेले. १९४० सालच्या एका लांबलेल्या लढाईंत त्यांनीं ७२ तासांपर्यंत झोंप न घेतां शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेंहून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे.

हा पराक्रम मोठा खरा. पण बहात्तर तासांच्या जागरणापेक्षां त्यांचा दुसरा एक उद्योग अधिक आश्चर्याचा वाटतो. त्यांनीं चिनी भाषा आत्मसात केली. पांचही डॉक्टरांना चीनमध्यें चिनी नांवें मिळालीं होतीं, आणि प्रत्येक नांवाच्या शेवटीं 'हुआ' म्हणजे चीन हें अक्षर होतें. कोटणीसांचें नांव 'के दीहुआ'. असें नांव पाहुण्याला मान म्हणून मिळतें आणि पुष्कळदां मानापुरतेंच राहतें. कोटणीसांनीं तें खरें करून घेतलें. जी भाषा चित्रांसारख्या हजारों अक्षरांत लिहिली जाते, जींत उच्चाराचा सूर थोडा चुकला तर शब्दाचा अर्थ पालटतो, ती त्यांनीं रात्रीं कंदिलाच्या उजेडांत वेळ चोरून गिरविली असेल असें समजावयास हरकत नाहीं, कारण दिवसा त्यांना वेळ नव्हताच. पुढें ते चिनी विद्यार्थ्यांना चिनी भाषेंतच शस्त्रक्रिया शिकवूं लागले. सहवासांतील लोकांनीं त्यांचा स्वभाव हंसरा व बोलका असा सांगितला आहे. बोलक्या माणसाला परक्या मुलखांत सर्वांत मोठी शिक्षा मुकेपणाची. त्यांतून सुटण्यासाठीं केलेली धडपड हाच त्यांचा छंद झाला, आणि तो छंद त्यांच्या कामाचा कणा ठरला. दुभाष्या मधें असला म्हणजे जखमी शिपाई दुभाष्याकडे पाहतो, डॉक्टरकडे नव्हे.

छंद या शब्दाचा अर्थ आपण हल्लीं फार अरुंद करून टाकला आहे. कामाला विसरावयास लावील तो छंद, अशी समजूत. तशा छंदाचीही गरज असते. परंतु काम जेथें चालतें तेथील माणसांकडे नेणारा छंदही असूं शकतो, आणि परक्या गांवीं नोकरीस गेलेला जो तरुण तेथल्या माणसांची भाषा, तेथलें गाणें, तेथलें पीकपाणी यांत रस घेऊं लागतो त्याची बदली झाली तर गांवाला चुकल्याचुकल्यासारखें होतें. पुण्या-मुंबईचा डॉक्टर करकंबला आला आणि रुग्णाचें "अंग मोडून आलंय" किंवा "पोटांत कालवतंय" हें बोलणें पुस्तकी लक्षणांत ढकलूं लागला, तर त्यालाही एक नवी भाषा शिकावी लागणारच.

१२ नोव्हेंबर १९३९ रोजीं कॅनडाचे प्रसिद्ध शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून याच आघाडीवर निवर्तले. शस्त्रक्रिया करतांना बोट कापलें, त्यांतून विष रक्तांत भिनलें. त्यांच्या नांवानें जें आंतरराष्ट्रीय शांति इस्पितळ तेथें चालत होतें त्याचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्यें कोटणीसांची नेमणूक झाली. इस्पितळ या शब्दानें मोठी इमारत डोळ्यांपुढें आणूं नये. हेबेई प्रांताच्या डोंगरांतील खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरांतून रुग्ण ठेवलेले असत. जपानी तुकड्या झडतीला आल्या कीं रुग्ण, औषधें, विद्यार्थी, सारा संसार उचलून डोंगरांत न्यावा लागे. नाकेबंदीमुळें औषधांची सदैव वानवा. इस्पितळाला जोडून वैद्यक शाळा होती, आणि तिच्यांत खेड्यांतून आलेलीं तरुण मुलें डॉक्टर व परिचारक होण्याचें शिक्षण घेत. बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभांत क्वो चिंगलान या परिचारिकेनें कोटणीसांना प्रथम पाहिलें. ती त्याच वैद्यक शाळेंत परिचर्या शिकवीत असे. हिंदुस्थानांतून आलेला हा डॉक्टर चिनी बोलतो, थोडें लिहितोही, याचें तिला नवल वाटलें. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला.

आतां राहण्याचें कारण थोडें उलगडूं लागतें. कोटणीस चीनमध्यें राहिले याचें वर्णन बहुधा त्याग या एकाच शब्दानें होतें. त्याग होताच. पण केवळ त्यागावर माणूस वर्षानुवर्षें एका ठिकाणीं टिकत नाहीं. त्यागाचा पहिला भर ओसरतो आणि मग रोजचें पाणी, रोजची थंडी, रोजचें तेंच तेंच अन्न उरतें. त्या डोंगरी खेड्यांत कोटणीसांना असें काम मिळालें होतें कीं जें तिशीच्या शल्यवैद्याला मुंबईच्या इस्पितळांत मिळणें कठीण होतें. तेथें त्यांच्यावाचून अडत होतें. हाताखालीं शिकणारीं मुलें होतीं. बरोबरीनें काम करणारी पत्नी होती. परळच्या कॉलेजांत हिंदी अध्यापकांना शिकवितांना त्यांनीं पाहिलें होतें. आतां ते स्वतः, आपल्यापेक्षांही अडचणींत असलेल्या लोकांसाठीं, तशीच शाळा चालवीत होते. शस्त्रक्रियेवर चिनी भाषेंत पाठ्यपुस्तक लिहिण्यासही त्यांनीं हात घातला होता.

करकंबलाही आज ग्रामीण रुग्णालय आहे. महाराष्ट्रांत सरकारी महाविद्यालयांतून एम. बी. बी. एस. झालेल्या तरुणाला एक वर्षाची सक्तीची सेवा लागू होते. विद्यार्थ्यांच्या भाषेंत तिला बॉंड म्हणतात. एक वर्ष, म्हणजे कोटणीसांच्या पथकाला होती तेवढीच मुदत. खेड्यांत आलेले पुष्कळ तरुण डॉक्टर हें वर्ष दिवस मोजून काढतात आणि पुढच्या परीक्षेचा अभ्यास करतात, ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते. तक्रार करणाऱ्यांनीं दुसरी बाजूही पाहावी. रात्रीं अडलेली बाळंतीण आली आणि भूल देणारा डॉक्टर नाहीं, तर त्या मुलानें किंवा मुलीनें काय करावें? पंढरपूरला किंवा सोलापूरला पाठवा म्हटलें तर नातेवाईक संतापतात. डॉक्टरांवर हात टाकण्याचे प्रकार इतके वाढले कीं २०१० सालीं त्याविरुद्ध राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. जेथें वडीलधारा डॉक्टर शिकवावयास नाहीं, हाताखालीं शिकावयास कोणी नाहीं, सायंकाळीं चार शब्द बोलावयास बरोबरीचें माणूस नाहीं, तेथें तरुण माणूस राहत नाहीं याचें सारें खापर त्याच्या माथीं फोडणें अन्यायाचें आहे. कोटणीसांचें उदाहरण त्याच्यापुढें धरावयाचें असेल तर सबंध धरावें. त्या खेड्यांत औषधें नव्हतीं, पण शाळा होती. सुरक्षितता नव्हती, पण डॉक्टर हा आपला माणूस आहे ही भावना होती. शेतकऱ्यांनीं आपल्या राहत्या घरांत रुग्णांना जागा दिली होती.

आणि त्या उदाहरणांतील एक भाग कोणाही तरुणापुढें धरूं नये. कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊं लागले होते. आघाडी सोडून उपचारासाठीं जावें, असें त्यांना वरिष्ठांनीं सुचविलें. त्यांनीं नाकारलें आणि काम चालू ठेविलें. त्यांच्या निष्ठेपुढें मान लवते, पण तोच रोग दुसऱ्या कोणाला असता तर डॉक्टर कोटणीसांनीं त्याला मुकाट्यानें विश्रांतीस धाडलें असतें, यांत शंका नाहीं. कोणत्याही गांवानें आपल्या डॉक्टरकडून इतकें मागूं नये. आणि डॉक्टरनें आपण होऊन देऊं केलें तरी गांवानें तें घेऊं नये.

२३ ऑगस्ट १९४२ रोजीं त्यांना मुलगा झाला. मायदेशीं 'छोडो भारत'ची चळवळ सुरू होऊन त्या दिवशीं दोनच आठवडे झाले होते. मुलाचें नांव यिनहुआ ठेवण्यांत आलें : यिन म्हणजे हिंद, हुआ म्हणजे चीन. मुलगा साडेतीन महिन्यांचा असतांना, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, झटक्यांवर झटके येऊन डॉक्टर कोटणीस मरण पावले. वय बत्तीस वर्षांचें. पथकाचे बाकीचे चौघे सुखरूप घरीं आले.

कोटणीसांचे अवशेष १९५३ सालीं शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमींत हलविण्यांत आले; बेथ्यूनही तेथेंच आहेत. चीननें १९८२ सालीं आणि भारतानें १९९३ सालीं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटें काढलीं. यिनहुआनेंही वडिलांचाच व्यवसाय निवडला होता, परंतु वैद्यकाचा अभ्यासक्रम पुरा होण्याच्या सुमारास, १९६७ सालीं, तो वारला. क्वो चिंगलान पतीच्या माघारीं जवळजवळ सत्तर वर्षें जगल्या. सासरच्या माणसांना भेटण्यासाठीं त्या अनेकदां भारतांत येऊन गेल्या, आणि २०१२ सालीं त्यांचें निधन झालें. त्याच वर्षीं सोलापुरांत, भैया चौकाजवळील कोटणीसांच्या घराचें स्मारक लोकांसाठीं खुलें झालें. पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग कोटणीसांच्या हातून लिहून झाला होता. दुसऱ्या भागाचें लेखन चालू होतें.